दुखणं आणि देव: रुग्णभेटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी रुग्णभेटीला जाते. आम्ही चौघीजणी आहोत. मंगळवारी परळचं टाटा कर्करोग रुग्णालय, शुक्रवारी बोरिवली-दहिसरकडची घरं. माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट; सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे पाळकसाहेबांचं प्रवचन आणि फादरांची मिस्सा, दोन्ही कानांवर पडत आलं आहे. मला स्वतःला चौदा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. लोक त्याला सरसकट संधिवात म्हणतात. सकाळी पहिला तास-दीड तास बोटं वळत नाहीत, दुधाची पिशवी दातांनी फोडावी लागते. खाटेवरून आलेल्या प्रश्नांना ही बाई धडधाकट बसून उत्तरं देते, असं कुणाला वाटू नये म्हणून हे आधीच सांगितलं. खालचे बरेचसे प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत. काही मीच देवाला विचारलेले आहेत.

देवाने हे दुखणं मलाच का दिलं?

हा प्रश्न दिवसा फारसा येत नाही. शेवटची लोकल गेलेली असते, घरातले सगळे झोपलेले असतात, तेव्हा येतो. मी त्यातल्या 'दिलं' या शब्दापाशी अडते. बायबलमधली चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, वाचून काढा. आजारी माणूस येशूकडे आला आणि येशूने त्याला 'राहू दे हे दुखणं, तुझ्या भल्यासाठीच पाठवलंय' असं सांगून परत धाडलं, असा एकही प्रसंग सापडत नाही. कुष्ठरोग्याला त्याने हात लावला. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईला मुलगी म्हणून हाक मारली. आजाराची बाजू त्याने कधी घेतली नाही.

मग दुखणं येतं कुठून? शरीर मातीचं आहे, ते बिघडतं. माझ्या आजारात शरीराचे राखणदारच स्वतःच्या सांध्यांना शत्रू समजून पोखरतात. कर्करोगात पेशींना कुठे थांबायचं ते कळेनासं होतं. येशूचा प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो की सगळी सृष्टीच प्रसूतीच्या कळा आल्यासारखी कण्हते आहे. त्या कण्हण्यात माझाही आवाज आहे, असं मी धरून चालते.

वेदना मुळात मात्र आपली वैरीण नव्हे. वडाळ्याला १८९० पासून ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगाने बोटं झडतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेगळंच दाखवून दिलं. ते मिशनरी आईवडिलांचे चिरंजीव, १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले. या रोगात मज्जातंतू बधिर होतात. तापलेलं भांडं हाताला कळत नाही, पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो, आणि जखमेवर जखम होऊन बोटं जातात. म्हणजे वेदना हा देवाने शरीराच्या दाराशी बसवलेला वॉचमन. चोर आला की त्याने शिट्टी मारायलाच हवी. पण सगळी बिल्डिंग जागी झाली, पोलीस आले, तरी तो रात्रभर कानाशी शिट्टी वाजवतच राहिला, तर त्याला गप्प करावं लागतं. त्याबद्दल पुढे येईलच.

हे मागच्या पापांचे, कर्मांचे भोग आहेत का?

आपल्याकडे ख्रिस्ती घरांतसुद्धा 'भोग' हा शब्द तोंडात बसलेला आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या घरांना नातेवाईक सुनावतात: धर्म सोडलात, म्हणून हे झालं. येशूच्या शिष्यांचाही अगदी हाच प्रश्न होता. जन्मांध माणूस दिसताच त्यांनी विचारलं की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय शांतपणे वाचा. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत, असं तो पुढे म्हणतो. यावरून काहीजण काढतात की देवाने आपली करामत दाखवायला त्या बिचाऱ्याला आंधळं जन्माला घातलं. पण त्याच्या पुढच्या ओळींत काय आहे? येशू खाली वाकतो, थुंकीने माती कालवतो, त्या डोळ्यांना लावतो. चूक कुणाची याची चौकशी तिथेच थांबते आणि हात कामाला लागतात. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तीही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, हे लूकच्या तेराव्या अध्यायात त्यानेच सांगितलं आहे.

तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे कार्यकारण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी परळच्या वॉर्डांत जबडा काढलेली तरुण मुलं दिसतात. त्यांना काय झालं आणि कशामुळे झालं, ते पक्कं ठाऊक असतं. खाटेशी उभं राहून त्यांना पुन्हा ते ऐकवायचं काम देवाने कुणावर सोपवलेलं नाही.

मग दुःखाला काही प्रयोजन आहे की नाही?

आहे, असं मी म्हणते. पण दुखण्यासोबत ते पुडीत बांधून आलेलं असतं आणि आपण फक्त पुडी सोडायची, असं मात्र मी मानत नाही. सुरुवातीची तीन वर्षं मी हेच करत होते. देवाला मला काय शिकवायचंय? सहनशीलता? नम्रता? धडा लवकर शिकले तर लवकर सुटका, असा हिशेब मनात चालायचा. तो हिशेब कधी जुळला नाही.

पौलाच्या देहात काटा होता. तो कुठला आजार, हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही. बरंच झालं, त्यामुळे प्रत्येकाला आपापला काटा तिथे ठेवता येतो. काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. मिळालेल्या उत्तरात काट्याचं कारण नव्हतं. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच होतं. 'मी आहे' असं सांगणाऱ्याचं ते उत्तर आहे. उठलेल्या येशूचं शरीर आठवा. मरणावर जय मिळवलेल्या त्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते, आणि थोमाने त्याला ओळखलं ते त्या वणांवरूनच.

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले, बहीणही गेली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली उचलून आणल्या आणि केडगावला त्यांचं घर, मुक्ती मिशन, उभं राहिलं. भूक म्हणजे काय, हे त्या बाईला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आता कुणी म्हणेल की रमाबाईंनी मुक्ती मिशन काढावं म्हणून देवाने त्यांचे आईबाप उपाशी मारले, तर मी उठून जाईन. तसा देव मला वधस्तंभावर दिसत नाही. जे घडलं ते वाईटच होतं. त्या वाईटाच्या हाती शेवटचा शब्द जाऊ न देणं, हे देवाने आणि रमाबाईंनी मिळून केलं.

आता जवळचं सांगते. परळला एक मावशी होत्या, कऱ्हाडकडच्या. जिभेचं ऑपरेशन झालेलं, बोलणं बंद. उशाशी शाळेतल्या पोरांची असते तशी लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा. पहिल्या मंगळवारी पाटीवर लिहिलं, 'पाणी'. दुसऱ्या मंगळवारी, 'कधी संपणार'. पाचव्या की सहाव्या मंगळवारी मी गेले, तर पाटी आधीच भरलेली. 'बेड १२ ची मुलगी, आज रक्त चढवलं. कोपऱ्यातले बाबा, घरून कोणी आलं नाही.' मी वाचलं तशी त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि हात जोडून माझ्याकडे पाहिलं: प्रार्थना सुरू कर. पुढचे दोन महिने पूर्ण वॉर्डाची यादी त्या पाटीवर असायची. मावशींचा कर्करोग त्या यादीसाठी आला होता का? मुळीच नाही. पण मला कुणी प्रयोजन म्हणजे काय विचारलं की ती पाटी डोळ्यांपुढे येते.

एक पथ्य पाळा. आपल्या दुखण्याचा अर्थ ज्याचा त्याने सांगावा. दुसऱ्याच्या दुखण्याचा अर्थ सांगायला जाऊ नये.

'दुखणं ख्रिस्ताला अर्पण कर' म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

सासूबाईंनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माहेरची मी बिचकले. ख्रिस्ताचं काम वधस्तंभावर पुरं झालं, त्यात माझ्या बोटांची काय भर? पण कलस्सैकरांस पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या क्लेशांतलं जे उरलं आहे, ते तो मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, आपल्या देहात भरून काढतो आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी याच विषयावर एक प्रेषितीय पत्र लिहिलं. १९८१ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतः पोटात गोळी झेलली होती, पुढे पार्किन्सनने त्यांचे हात थरथरताना सगळ्या जगाने पाहिले. त्या पत्रातलं मला समजलं ते असं: ख्रिस्ताच्या कामात काहीही कमी नाही, पण प्रेमाने त्यात आपल्याला जागा ठेवली आहे. आई पोळ्या लाटत असते. तिला मदतीची गरज नसते, तरी ती पोरीला छोटा गोळा देतेच ना, तसं.

करायचं काय, ते सांगते. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला स्पंजचा चेंडू दिला आहे. सकाळी एकेक बोट दाबून दहापर्यंत मोजायचं. मी प्रत्येक बोटाला एक नाव दिलं आहे. अंगठा थोरल्या मुलाचा. तर्जनी शेजारच्या डायलिसिसवाल्या काकांची. करंगळी सगळ्यात जास्त दुखते. ती माझ्या एका नणंदेची, जिच्याशी माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं. 'प्रभू, हे दुखणं तिच्यासाठी धर', एवढंच म्हणायचं. चेंडू दाबायचा, सोडायचा. बोलणं पुन्हा सुरू झालं ते तीन वर्षांनी. आधी कोण बोललं, तर मी.

पेनकिलर किंवा मॉर्फिन घेतलं तर विश्वास कमी ठरतो का?

नाही, नाही आणि नाही. हे मी इतक्या जोराने का म्हणते, ते ऐका. आमच्या भेटीतले एक काका गोळ्या उशीखाली लपवायचे. हाडांत पसरलेला कर्करोग. सुनेला वाटायचं, औषध लागू पडत नाही. शेवटी उशीचा अभ्रा बदलताना एकवीस गोळ्या निघाल्या. काका म्हणाले, 'प्रभूने वधस्तंभावर गंधरस घातलेला द्राक्षारस नाकारला, मी कसा घेऊ?' मार्कने तसं लिहिलं आहे, खरं आहे. पण दुसऱ्यांच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याचा दाखला त्याच येशूने दिला. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक तर वैद्यच होता. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली, तरी दुसरा मार्ग नसेल तर ते देता येतं, असं पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं.

काकांना फादरांनी समजावलं, मग त्यांनी मॉर्फिन घेतलं. तीन दिवसांनी गेले तर काका मुलीबरोबर जुने फोटो बघत होते. त्या फोटोंपर्यंत दुखण्याने त्यांना कित्येक आठवडे पोहोचूच दिलं नव्हतं.

आज जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, म्हणजे दुखणं शमवणारी शुश्रूषा, ती घडवण्यात ख्रिस्ती माणसांचा मोठा हात आहे. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं शुश्रूषाघर, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर, आणि मनाने पक्क्या श्रद्धावान. देह, मन, घरची काळजी आणि आत्मा यांचं दुखणं एकात एक गुंतलेलं असतं, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतच आहे: बांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती अवेदना सदन, १९८६ सालचं, होली क्रॉसच्या सिस्टर चालवतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरी घराजवळच्या दुकानात ते नसतं, म्हणून डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कुठे आहे, ते थेट विचारा. उपचार संपल्यावरच तिथे जायचं असतं, हा गैरसमज आहे. पहिल्या दिवसापासून जाता येतं. मॉर्फिनने सुरुवातीला झोप येते, ती बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, त्याचं औषध त्याच चिठ्ठीवर मागून घ्या.

प्रार्थनासभेत लोक बरे होतात, मग मी का नाही? माझा विश्वास कमी पडतो का?

आजारपणाच्या चौथ्या वर्षी एका सभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं गेलं की ही बहीण बरी झाली, आता हिने गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. मला खरंच हलकं वाटत होतं. आठवड्याची गोळी मी बंद केली. सात आठवडे. उजवं मनगट तेव्हा वाकलं ते आजतागायत सरळ झालेलं नाही, आणि वर 'विश्वासात कमी पडलीस' हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

देव बरं करतो, यावर माझा विश्वास आहे. मी प्रत्येक खाटेशी तेच मागते. पण विश्वास म्हणजे नाणं टाकल्यावर चहा देणारं मशीन नव्हे. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. पौलाच्या हातून आजारी बरे झाल्याचं प्रेषितांची कृत्ये सांगतात, तरी हा सहकारी आजारीच राहिला. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं करताना काय सांगितलं? जा, याजकांना दाखवा. त्या काळचं तपासणीचं ठिकाण तेच होतं. तेव्हा सभेत बरं वाटलं तर देवाचे आभार माना, रिपोर्ट काढा, आणि गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टरांना ठरवू द्या. चमत्कार झाला असेल तर तो रक्ताच्या तपासणीला घाबरणार नाही. कर्करोगासारखे आजार बरे करण्याचा दावा करत औषधांची, ताईत-मंत्रांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बायबलमधला दुःखाने पिचलेला ईयोब देवाशी भांडला, त्याचे मित्र देवाची वकिली करत राहिले. शेवटी देवाने मित्रांना दटावलं. आणि वधस्तंभावरून 'माझ्या देवा, तू मला का टाकलंस' असं ओरडणारा कोण होता? रागवा. फक्त राग त्याच्याकडे तोंड करून काढा.

प्रार्थना करायचं बळच उरलेलं नाही.

मग करू नका. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे उतरवलं. येशूने विश्वास पाहिला तो त्या चौघांचाही. अशा दिवसांत दुसऱ्यांनी खाट उचलायची असते. कण्हणं हीच आत्म्याची प्रार्थना, असं पौल म्हणतो, तेव्हा कण्हा. आमच्या नगरकडच्या आज्यांना अशा वेळी नारायण वामन टिळकांची भजनं लागतात. कुणी टाळ न वाजवता, हळू आवाजात म्हटलं की बंद डोळ्यांच्या कडा ओल्या होतात. तोंड हलत असतं.

फादर तेल घेऊन आले, म्हणजे शेवट जवळ आला का?

हा समज जुन्या काळचा. पूर्वी हा संस्कार मरणाच्या उंबरठ्यावर होत असे, म्हणून अंत्याभ्यंग म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये त्याचा विधी बदलला. आता मोठं ऑपरेशन, गंभीर आजार, म्हातारपणाची अशक्तता, कशाहीसाठी घेता येतो, पुन्हा पुन्हा घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावायला सांगितलं आहे, त्यामुळे आमचे पाळकसाहेबही हे करतात. मात्र घरच्यांनी आजींना आधी सांगून ठेवा, नाहीतर फादर दारात दिसताच त्यांचा धीर सुटतो.

आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काय बोलावं?

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि बिघडवलं.

'देव त्याच्या लाडक्यांनाच दुःख देतो', 'तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत', 'माझ्या मावससासऱ्यांना हेच झालं होतं, गेले बिचारे': यातलं काही बोलू नका. सुगंधी फुलं, अत्तर नको, केमो चालू असताना वासाने उलटी होते. खाटेवर बसू नका. खाट हलली की दुखतं. वीस मिनिटांत उठा. 'काही लागलं तर सांग' असं म्हणून निघून जाऊ नका, कारण आजारी माणूस कधी सांगत नाही. 'गुरुवारी केसपेपरच्या रांगेत मी उभी राहते', 'शनिवारचा डबा माझा', असं ठरवूनच बोला. गावाहून आलेली मंडळी बहुतेकदा टाटाच्या आसपास फुटपाथवर असतात. त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करायला न्या. लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

आणि प्रार्थना करण्याआधी विचारा. 'आज नको' म्हणाले तर नको.

आजारी मी नाही, सेवा करणारी मी आहे. माझं काय?

तुमचं कुणी विचारत नाही, ते मला माहीत आहे. आल्या-गेल्याला चहा करायचा, रात्री तीनदा उठून कूस बदलायची, सकाळी साडेआठची लोकल. एक बाई मला कानात म्हणाल्या, 'कधी कधी वाटतं, आता सुटावेत.' मग त्या इतक्या रडल्या की आम्ही दोघी जिन्यातच बसलो. हा विचार थकलेल्या शरीराचा असतो. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने मित्रांना एक तास जागायला सांगितलं, ते झोपले. आत्मा तयार आहे पण देह अशक्त आहे, असं म्हणून त्याने त्यांना समजून घेतलं. आठवड्यातली एक दुपार दुसऱ्या कुणाला द्या आणि बाहेर पडा. दादर चौपाटीवर जाऊन नुसतं बसलात तरी चालेल. भाऊ, दीर, जावा यांना वार वाटून द्या, तोंडावर सांगून.

नवरा मारतो. 'हा तुझा क्रूस आहे, सहन कर' असं सांगितलं जातं.

हा क्रूस नव्हे, गुन्हा आहे. येशूने क्रूस स्वतःहून उचलला, कुणी त्याच्या नावाने तुमच्यावर लादायचा नसतो. १८१ वर फोन करा, विश्वासातल्या बाईला सांगा, आणि जिथे सुरक्षित असाल तिथे जा.

लहान मुलांना का?

परळच्या लहान मुलांच्या वॉर्डात मी हा प्रश्न घेऊन उभी राहिले आहे. याचं पटणारं उत्तर देणारा माणूस मला भेटला नाही, आणि कुणी फार पटकन देऊ लागला की माझा त्याच्यावरचा विश्वास उडतो. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या, कबरेशी येशूला ठाऊक होतं की लाजर पुन्हा उठणार, तरी तो रडला. मीही तेच करते, मग खेळणी पुसून जागेवर लावते.

व्हेंटिलेटर नको म्हणणं म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणं का?

कॅथलिक शिकवण इथे स्पष्ट आहे. जाणूनबुजून जीव घेणं चूक. पण ज्या उपचाराने फक्त मरण लांबतं आणि यातना वाढतात, तो नाकारण्याची मोकळीक आहे. अन्न, पाणी, स्वच्छता, वेदनाशमन सोडायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०१८ मध्ये असं आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीवर असताना घरात बोलून ठेवा. आयसीयूच्या दाराशी भावाभावांत भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

जगणंच नकोसं वाटतं.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूत पाठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. तुम्हीही आज एकट्याने रात्र काढू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा, किंवा १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांना सांगा, कारण दीर्घ दुखण्यासोबत येणारं नैराश्य हाही आजारच आहे आणि त्यावर औषध आहे.

मोत माउलीला मेणाचा हात वाहिला तर खरंच उपयोग होतो का? आम्ही ख्रिस्ती नाही, तरी चालतं का?

चालतं. मोत माउली म्हणजे बांद्र्याची माउंट मेरी. सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याच्या टेकडीवर निम्मी रांग हिंदू बायांचीच असते, आणि मुसलमानही येतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते, स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस सुटतात. स्टॉलवर मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर, सगळं टांगलेलं असतं. माझ्या माहेरी याला मूर्तिपूजेची वाट म्हणतील. मीही तसंच म्हणायचे. नवस म्हणजे देवाशी सौदा, असं जर कुणी समजत असेल, तर ते आजही मला पटत नाही.

पण सासूबाई दर वर्षी माझ्यासाठी मेणाच्या हातांची जोडी घ्यायच्या. स्टॉलवाल्याकडून दोन-तीन जोड्या उतरवून घ्यायच्या, बोटं सरळ आहेत ना ते निरखून बघायच्या, मगच पैसे द्यायच्या. नऊ वर्षं. माझे हात बरे झाले नाहीत. त्यांनी एकदाही विचारलं नाही की माउली ऐकत का नाही. दहाव्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, टेकडी चढवेना. मी एकटीच गेले. स्टॉलवाल्याने मला ओळखलं आणि न विचारता हातांची जोडी उतरवली. मी म्हटलं, 'या वेळी हात नकोत, गुडघे द्या.' गुडघे वेगळे मिळत नाहीत, पूर्ण पाय घ्यावा लागतो. मी दोन घेतले. माझ्या बोटांत ते धरवेनात, म्हणून पदरात गुंडाळून वर नेले.